वडिलांवरचा तुमचा कार्यक्रम: स्टँडअप की एकपात्री?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मी नेमकं कशाला उत्तर देतेय ते स्पष्ट राहील. तुम्ही काही वर्षं ओपन माइकवर, म्हणजे कुणीही येऊन काही मिनिटं सादर करू शकेल अशा कार्यक्रमांत, उभे राहताय. वडिलांचा विसराळूपणा हा आजार निघाला, त्यांची देखभाल तुमच्यावर आली आणि त्यावर तुम्ही साधारण 40 मिनिटांचा मजकूर तयार केलात. त्यात तुम्ही आहात, वडील आहेत, दिवसा येणारी नर्स आहे. पहिल्या भागात लोक भरपूर हसतात, नंतर हळूहळू शांत होतात. कार्यक्रम ठरवणारे म्हणाले, "छान आहे, पण हे स्टँडअप नाही." एका नाट्यदिग्दर्शकांनी पाहिलं आणि म्हणाले, "मनापासून केलंय, पण हा एकपात्री प्रयोग नाही." आता तुम्हाला विचारायचंय की या दोन्हींत फरक नक्की काय, आणि ही 40 मिनिटं घेऊन जायचं कुठे.

मी एकपात्री प्रयोग करते आणि स्टँडअप करणाऱ्या मंडळींना तासाभराचे कार्यक्रम बसवायला मदतही करते, त्यामुळे दोन्हीकडची बोलणी माझ्या कानावर असतात. तुम्हाला मिळालेली दोन्ही मतं मला पटतात. मजकूर कमअस्सल आहे असा त्यांचा अर्थ घेऊ नका. पहिली 20 मिनिटं तुम्ही प्रेक्षकांशी एक करार करता, आणि पुढची 20 मिनिटं त्यांना न सांगता दुसऱ्याच कराराने वागता. हे दोन करार कोणते ते लक्षात आलं की बाकीचे निर्णय सोपे होतील.

नेहमी ऐकू येणारे फरक आधी तपासू, कारण त्यांतले बहुतेक टिकत नाहीत. स्टँडअपमध्ये हसवायचं आणि एकपात्रीत गंभीर व्हायचं, हा पहिला. पु. ल. देशपांडे एकटे 'बटाट्याची चाळ' सादर करायचे तेव्हा प्रेक्षागृह हसून हसून दमायचं, पण त्याला कुणी स्टँडअप म्हणणार नाही, कारण तिथे चाळ तिच्या माणसांसकट उभी राहायची. एकपात्रीत पुष्कळ पात्रं असतात, हा दुसरा. लक्ष्मण देशपांडे 'वऱ्हाड निघालंय लंडनला'मध्ये 52 व्यक्तिरेखा एकट्याने उभ्या करत, हे खरंच. पण अमेरिकन कॉमेडियन रिचर्ड प्रायर यांचं 1979 साली चित्रपट म्हणून प्रदर्शित झालेलं सादरीकरण बघा. हातात माइक धरून ते कुत्रे होतात, माकडं होतात, हृदयविकाराचा झटका आला तेव्हाचं स्वतःचं हृदयसुद्धा होतात, आणि तरी ते पहिल्यापासून शेवटपर्यंत स्टँडअपच राहतं.

तिसरा फरक पाठांतराचा. स्टँडअप उत्स्फूर्त असतं ही समजूत प्रेक्षकांची असू द्यावी, आपली नसावी. मुरलेल्या कॉमेडियनचा तासाभराचा कार्यक्रम शब्दाशब्दाने, पॉजसकट ठरलेला असतो. उलट हाल होलब्रुक या अमेरिकन नटाने 1954 पासून सहा दशकांहून अधिक काळ रंगमंचावर एकट्याने लेखक मार्क ट्वेन उभा केला, त्यासाठी 1966 साली टोनी पुरस्कार मिळवला, आणि त्यांच्याकडे एका संध्याकाळी मावेल त्याहून कितीतरी अधिक मजकूर तयार असे. त्यातला कधी हा, कधी तो ते निवडत. निवड बदलली तरी समोर असायचा तो पांढऱ्या सुटातला म्हातारा ट्वेन. राहिला खरेपणा. अमेरिकन नट-लेखक स्पॉल्डिंग ग्रे टेबलामागे बसून, पाण्याचा पेला आणि वही समोर ठेवून स्वतःच्याच आयुष्यातल्या गोष्टी सांगायचे, आणि ते रंगभूमीवरचंच काम मानलं गेलं. म्हणजे 'गोष्ट माझी आहे, खरी आहे, म्हणून हे स्टँडअप' असंही म्हणता येत नाही.

मग उरतं काय? माझ्या कामात दोन प्रश्न उरले आहेत आणि मी प्रत्येक संहिता त्यांवर घासून बघते. बोलणारा कुणाशी बोलतोय? आणि समोरून काहीच आलं नाही तर तो काय करतो?

स्टँडअपमध्ये समोरचे लोक संभाषणातला दुसरा माणूस असतात. हशा, कुजबुज, खुर्चीत झालेली चुळबुळ, शांतता, हे सगळं त्या माणसाचं उत्तर, आणि ते दर काही सेकंदांनी येतं. पुढचं वाक्य किती वेगाने टाकायचं, टॅग (त्याच विनोदाला जोडलेली आणखी एक हशाची ओळ) जोडायचा की पुढे सरकायचं, हे त्या उत्तरावर ठरतं. म्हणून स्टँडअपचा सेट रिकाम्या खोलीत वाचून चांगला की वाईट ते कळतच नाही. अर्धं संभाषण गायब असतं. शांतता पसरली तर कॉमेडियनला तिची दखल घ्यावीच लागते. थेट बोलून घेईल, नुसत्या नजरेने घेईल किंवा मुद्दाम ताणून धरेल, पण ती झालीच नाही असं दाखवता येत नाही.

एकपात्रीत बोलणारा आणि प्रेक्षक यांच्यामध्ये एक तिसरी गोष्ट असते: जे उभं केलंय ते जग. ती खोली, ती वेळ, तिथली न दिसणारी माणसं. नट प्रेक्षकांकडे बघून बोलत असला तरी त्याला ते जग सांभाळायचं असतं. प्रेक्षक हसले तर तो हशा संपेपर्यंत थांबतो, पण पात्राच्या आत राहून, बेअरिंग न सोडता. ते गप्प बसले तर त्याला घाबरायचं कारण नसतं, कारण त्या शांततेत ते ऐकत असतात आणि पात्राचं काम चालूच असतं.

ही युक्ती फार जुनी आहे. नाट्यशास्त्रात सांगितलेल्या दहा रूपकांपैकी, म्हणजे नाटकाच्या प्रकारांपैकी, भाण हे एकाच नटाने करायचं. त्यातला विट, म्हणजे शहरातला एक रंगेल, बोलघेवडा माणूस, रस्त्याने चाललेला असतो, भेटणाऱ्या माणसांशी बोलतो, आणि ती माणसं रंगमंचावर नसतातच. तो कान देतो, 'काय म्हणतोस?' असं विचारतो, समोरच्याचं न ऐकू आलेलं बोलणं स्वतःच उच्चारतो आणि मग उत्तर देतो. याला आकाशभाषित म्हणतात. 'चतुर्भाणी' या जुन्या संस्कृत संग्रहातले चारही भाण याच पद्धतीवर चालतात. आज एकपात्री प्रयोगात फोनवरचं एकतर्फी संभाषण येतं ते याच घराण्यातलं. त्यात प्रेक्षक बघतात, हसतात, मान डोलावतात, पण विटाला उत्तर द्यायची जबाबदारी त्यांच्यावर नसते. ती त्या न दिसणाऱ्या माणसांवर असते.

एक चाचणी सांगते. प्रयोग चालू असताना दुसऱ्या रांगेत कुणाचा तरी फोन मोठ्याने वाजला. स्टँडअपमध्ये तुम्ही त्याकडे दुर्लक्ष केलंत तर लोकांचा तुमच्यावरचा विश्वास त्याच क्षणी कमी होतो. सगळ्यांनी ऐकलं ते या माणसाने ऐकलं नाही, म्हणजे हा आपल्याशी बोलतच नव्हता. एकपात्रीत उलट होतं. नटाने फोनवर टिप्पणी केली की टाळी मिळते, पण उभं केलेलं घर त्या टाळीत विरघळतं आणि पुन्हा उभं करायला बराच वेळ लागतो. तुमच्या उत्तरार्धात, वडील जुनी पत्रं शोधत असताना, फोन वाजला तर तुम्हाला काय करावंसं वाटेल? तुम्ही पाठवलेलं लिखाण वाचून मला वाटतं की तुम्हाला ते घर मोडायचं नसेल. पहिल्या भागात मात्र तुम्ही फोनवाल्याशी आनंदाने बोलाल. करार बदलतो तो इथे.

आता 'मी'बद्दल. स्टँडअपमध्ये जाहिरातीत ज्याचं नाव आहे तोच बोलतोय, हे गृहीत असतं. तो 'मी' घडवलेला असतो, थोडा फुगवलेला, थोडा छाटलेला, हे लोकांना माहीत असतं, तरी त्याने मांडलेल्या मताची जबाबदारी त्याच्यावरच येते. आणि या 'मी'ला सगळं आधीपासून माहीत असतं. घडून गेलेलं तो आजच्या जागेवरून सांगतो. एकपात्रीतला 'मी' आत्मचरित्रातला असला तरी पात्र असतो. त्याला पुढच्या क्षणी काय होणार ते माहीत नसतं, आणि माहीत नाही म्हणूनच प्रेक्षक त्याच्यासोबत थांबतात. प्रायर यांनी हृदय उभं केलं तरी झटक्यातून वाचलेला माणूस आपल्याशी बोलतोय, हे आपण एक क्षणही विसरत नाही. तिथली पात्रं म्हणजे बोलणाऱ्याने दिलेले दाखले असतात आणि काम झालं की तो त्यांना बाजूला ठेवतो. नाटकात ती स्वतःच्या गरजा घेऊन येतात, आणि काही वेळा निवेदकाची सोय न बघता थांबून राहतात.

हे नुसतं बोलून कळणार नाही, म्हणून तुमचंच एक उदाहरण घेते. तुम्ही लिहिलंय: "आता निदान या घरात मला कुणीतरी 'आपण' म्हणायला लागलंय." कल्पना उत्तम आहे, पण तुम्ही म्हणता तसा यावर हशा अर्धाच येतो. कारण तांत्रिक आहे. मराठीत क्रियापद शेवटी येतं, आणि तुमचा हशाचा शब्द त्याच्या आधीच येऊन जातो. लोक 'आपण'वर हसायला लागतात तोवर 'म्हणायला लागलंय' ऐकायला परत थांबतात, आणि मधल्या मध्ये हशा विरतो. वाक्य फिरवा:

"आयुष्यभर बाबांनी मला एकच हाक मारली, 'ए गाढवा.' आता रोज सकाळी मी समोर आलो की ते हात जोडतात आणि विचारतात, 'आपण?'"

शेवटचा शब्द पडला की गप्प. पुढे एक अक्षर नाही. या वाक्यात प्रश्न बंद होतो. ताण तयार झाला, सुटला, लोक पुढच्या गोष्टीला मोकळे झाले. स्टँडअपमध्ये हे चोख काम आहे. हशाची जागा पक्की झाल्यावर टॅग जोडून बघा, पण आधी जागा पक्की होऊ द्या.

आता हीच गोष्ट प्रवेश म्हणून. रंगमंचावर एक खुर्ची. तुम्ही वडील होऊन बसलेले. पावलांची चाहूल लागल्यासारखी मान वर होते. हात जोडले जातात.

"आपण?"

उठून उभे राहता, आता तुम्ही मुलगा. थोडा वेळ जातो. "मी... इथे शेजारी राहतो."

पुन्हा बसता. "हां, हां. बसा ना. मुलगा येईलच माझा एवढ्यात."

आणि मुलगा बसतो.

इथेही 'आपण'वर हसू येईल, येऊ द्या. पण त्याच्यासाठी जागा करू नका. कारण पुढे मुलगा खोटं बोलतो, आणि तो खोटं का बोलला हा प्रश्न प्रेक्षकांच्या मनात उघडतो. वडील एका अनोळखी माणसाचं आदरातिथ्य करताहेत, त्यात त्यांचा सगळा पूर्वीचा स्वभाव दिसतो. विनोदाच्या वाक्यात वडील म्हणजे तुमच्या अनुभवाचं कारण होते. इथे त्यांना स्वतःचं काहीतरी हवंय: मुलगा घरी यायला हवाय. एकच घटना, एकच शब्द, पण पहिल्या मांडणीत लोकांना तुमच्याबद्दल कळतं आणि दुसरीत वडिलांबद्दल.

शरीराचा प्रश्नही इथेच येतो. माइक हातात असेल तर हात जोडता येत नाहीत. एका तळव्याचा अर्धा नमस्कार होतो, आणि तोच वडिलांना लहान करतो, त्यांची नक्कल केल्यासारखं वाटतं. स्टँडअपमध्ये ही अडचण नाही, कारण तिथे नुसतं 'ते हात जोडतात' म्हटलं तरी भागतं. प्रवेश करायचा असेल तर माइक स्टँडला लावा किंवा बिनमाइकच्या छोट्या जागेत करा. मग नजर. बसलेल्या वडिलांशी बोलताना मुलाची नजर कुठे पडते ती जागा ठरवून टाका, आणि वडील वर बघतात तेव्हा मुलाचा चेहरा किती उंचीवर आहे तेही. दर वेळी तीच जागा, तीच उंची. यात ढिलाई झाली की वडील मध्येच बुटके होतात, मध्येच खिडकीशी जातात, आणि प्रेक्षकांना नेमकं काय चुकलं ते सांगता येत नाही पण त्यांचं बघणं सैल होतं. अमेरिकन नटी रूथ ड्रेपर विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जवळजवळ रिकाम्या रंगमंचावर, एखादी शाल आणि अगदी थोड्या वस्तू घेऊन, न दिसणाऱ्या माणसांनी खोली भरून टाकायच्या. ते साधतं त्यात नजरेच्या शिस्तीचा वाटा फार मोठा असतो. आवाज बदलण्यावर नवीन माणसं जेवढी मेहनत घेतात तेवढी नजरेवर घेत नाहीत, याचं मला नेहमी वाईट वाटतं.

रचनेतला फरक यातूनच निघतो. विनोदाला दोन भाग पुरतात, सेटअप (आधीची मांडणी) आणि पंच (हशाची ओळ). गोष्टीला तिसरा लागतो, शेवट. हे मी माझ्या पदरचं सांगत नाही. ऑस्ट्रेलियन कॉमेडियन हॅना गॅड्सबी यांनी 'नॅनेट' या कार्यक्रमात रंगमंचावर उभं राहून हीच गोष्ट उलगडून दाखवली आहे. विनोद ताण निर्माण करून सोडवतो, आणि तो सोडवण्यासाठी आपण स्वतःच्या गोष्टीचा शेवट वर्षानुवर्षं कापत आलो, असं त्यांचं म्हणणं. आधी हसवून गेलेला एक प्रसंग त्या कार्यक्रमात नंतर त्याच्या खऱ्या, हिंसक शेवटासह येतो, आणि या वेळी तो ताण सोडवायचं त्या नाकारतात. लक्षात घेण्यासारखं हे की या कार्यक्रमाला 2017 साली एडिनबरा कॉमेडी अवॉर्ड विभागून मिळालं आणि 2018 मध्ये नेटफ्लिक्सवर आल्यानंतर 'हे स्टँडअप आहे का' यावर खूप वाद झाला. माझं मत विचाराल तर ते स्टँडअपच आहे. कारण शेवटपर्यंत त्या थेट समोरच्या माणसांशीच बोलतात, आणि शेवटी जो ताण उरतो तो त्याच माणसांच्या हाती देतात. करार मोडल्याचं त्या करारातल्या दुसऱ्या पक्षाला सांगून मोडतात. तुम्ही तो न सांगता मोडताय, एवढाच फरक. पण या फरकानेच तुमचे प्रेक्षक गोंधळतात. हसायचं थांबायची परवानगी त्यांना कुणी दिलेलीच नसते.

तयार करायची पद्धतही वेगळी, आणि ती चुकली की फार वेळ वाया जातो. स्टँडअपचा मजकूर लोकांसमोरच घडतो: पाच मिनिटं करा, ध्वनिमुद्रण ऐका, जिथे काहीच आलं नाही ते छाटा, जिथे अनपेक्षित हसू आलं तिथे खणा. दिग्दर्शकाचं बरंचसं काम प्रेक्षक करतात. एकपात्री प्रयोग आधी टेबलावर आणि तालमीत घडतो. वाचन, हालचाली बसवणं, बाहेरून बघणारा एक विश्वासाचा डोळा, मग प्रकाश, मग रंगीत तालीम. तुमच्या उत्तरार्धातले प्रवेश तुम्ही ओपन माइकवर तपासत होतात. तिथे कुणी हसलं नाही म्हणून तुम्ही नर्सचा प्रवेश कमी कमी करत नेलात, असं तुम्ही लिहिलंय. तो प्रवेश हसवण्यासाठी नव्हताच, मग हशावरून त्याचं माप कसं काढणार? ओपन माइकच्या पाच मिनिटांत लोकांना शांततेची सवयही लागलेली नसते. छाटलेला भाग पुन्हा जोडा.

काही गोष्टी मात्र परिस्थितीवर ठरतात आणि त्या मला इथून सांगता येणार नाहीत. जागा कशी आहे? प्रेक्षकांवर उजेड असेल, पहिल्या रांगेतले चेहरे दिसत असतील, तर तुम्ही कितीही ठरवलंत तरी त्यांच्याशी बोलावंसं वाटणार. अंधार असेल तर घर उभं करणं सोपं. कार्यक्रमाचं वर्णन काय छापलंय? लोक 'कॉमेडी' वाचून आले असतील तर त्यांना वळवायला जास्त वेळ लागतो, आणि तो वेळ मजकुरात ठेवावा लागतो. तुमच्या आधी कुणी सादर करणार आहे का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, घरच्यांची संमती. वडील स्वतः संमती देण्याच्या स्थितीत नसतील तर त्यांच्या वतीने कोण बोलतंय, त्यांना काय चालेल, हे आधी बसून बोला. स्टँडअपमध्ये तुम्ही त्यांच्याविषयी बोलता. एकपात्रीत त्यांचं शरीर, त्यांचा थरथरता हात लोकांसमोर आणता. दुसऱ्याची जबाबदारी मला जास्त वाटते, पण त्यात त्यांना बोलायची संधीही जास्त मिळते.

दोन्ही मिसळता येतात का, असंही तुम्ही विचारलंय. येतात. पण मग मिसळण हे पहिल्या पाच मिनिटांतच दिसलं पाहिजे. सुरुवातीची दोन मिनिटं लोकांशी बोलून झाल्यावर एक छोटा प्रवेश पूर्ण करा, हसू न मागता, आणि पुन्हा लोकांकडे या. एकदा असं झालं की प्रेक्षक शिकतात: हा माणूस आपल्याशी बोलतो, आणि मधूनच आपल्याला एका घरात नेतो. मग विसाव्या मिनिटाला घरात जास्त वेळ राहिलात तरी त्यांची हरकत नसते. हे करताना दोन जागा शरीराने वेगळ्या ठेवा. लोकांशी बोलायचं ते पुढे, उभं राहून. घर मागे, खुर्चीपाशी. मधल्या दोन पावलांत घाई करू नका.

आता माझं स्पष्ट मत. तुमच्याकडे दोन कामं आहेत. पहिल्या भागातून दहा-बारा मिनिटांचा एक स्वच्छ स्टँडअप सेट निघतो. दवाखान्यातल्या फॉर्मचा भाग आणि 'आपण'चा भाग त्यात ठेवा, प्रत्येक तुकडा आपापला बंद होऊ द्या, आणि तो ओपन माइकवर बिनधास्त करत राहा. उरलेलं सगळं एकपात्री प्रयोगाचं आहे. माझं हे मत कशावरून बनलं ते सांगते. तुमच्या उत्तरार्धात जिथे जिथे लिखाण जिवंत होतं, तिथे तुम्ही मागे सरकता आणि वडील पुढे येतात. तुम्हाला त्यांना दाखवायचंय. ज्याला स्वतःचं म्हणणं मांडायचं असतं तो स्टँडअपमध्ये रमतो. तुम्ही पहिल्या भागात तसे रमता, दुसऱ्यात नाही, आणि ते वाचताना जाणवतं.

पहिलं काम म्हणून संहिता छापून घ्या आणि प्रत्येक वाक्यापुढे लिहा: हे मी कुणाला म्हणतोय? प्रेक्षकांना, वडिलांना, नर्सला, की स्वतःला? जिथे उत्तर देता येत नाही तिथे खूण करा. मला वाटतं अशा बहुतेक खुणा विसाव्या ते पंचविसाव्या मिनिटांच्या दरम्यान पडतील, म्हणजे लोक गोंधळायला लागतात नेमक्या तिथेच. ती वाक्यं आधी दुरुस्त करा, प्रत्येकाला ऐकणारा द्या.

मग नर्सचा प्रवेश. "तुम्ही कामावर गेलात की ते दिवसभर तुमच्याबद्दलच बोलत असतात," हे तिचं वाक्य तुम्ही सध्या ओझरतं सांगता आणि लगेच एका विनोदाकडे पळता. तो विनोद काढा. नर्स हे कधी सांगते, जाताना दारात की चपला घालताना, तिला सांगायला अवघड जातं का, आणि ते ऐकल्यावर मुलगा तिला काय विचारतो, हे पूर्ण लिहा. आधी फक्त हा एक प्रवेश बसवा, खुर्ची आणि दार एवढंच घेऊन, आणि ज्याला तुमची गोष्ट माहीत नाही अशा एकाच माणसासमोर करून बघा. त्याला नंतर 'आवडलं का' विचारू नका. दार कुठे होतं, वडील कुठे बसले होते, नर्स किती उंच होती, हे विचारा. त्याची उत्तरं तुमच्या मनातल्या खोलीशी जुळली तर पुढचा प्रवेश हाती घ्या, आणि चार-पाच प्रवेश उभे राहिल्यावर प्रयोग किती लांबतोय ते कळवा. मध्यंतर लागेल की सलग तासाभरात होईल, ते त्यावरून ठरवता येईल.